भिकेवर व्याज नसतं



गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात एक पोरगं उभं राहिलं आणि म्हणालं, "दादा, स्कॉलरशिप उशिरा का होईना, मिळतेच ना? बंद तर कुणी केली नाही. मग आपण अन्याय अन्याय म्हणून ओरडतो, तो नेमका हाय कुठं?"

पोरगं खवचट नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षाचा निर्वाह भत्ता त्याला अजून मिळायचाय. ज्याचं पोट अडलंय तोच विचारत होता. दोघं-तिघं हसले, एकानं 'बस रे खाली' म्हणलं. पण हा प्रश्न खाली बसवून टाकण्यासारखा नाही. आपली चळवळ नकाराशी लढायला शिकली. देवळाचं दार बंद, तळ्यावर बंदी, नोकरीत जागा नाही — हे डोळ्यांना दिसतं, त्यावर मोर्चा निघतो, घोषणा सुचते. उशीर कधी 'नाही' म्हणत नाही. तो म्हणतो, 'होईल की. पुढच्या आठवड्यात ये.' त्याच्यावर कसली घोषणा देणार?

म्हणून प्रश्न सरळ मांडतो. हक्काचं देणं नाकारणं आणि हक्काचं देणं रखडवणं, यात नीतीच्या दृष्टीनं फरक आहे का?

आधी बघू की घडतं काय. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपली आधीची पिढी 'जीओआय' म्हणायची, तिच्यासाठी पोरगं जून-जुलैपासून धावायला लागतं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, टीसी, मार्कमेमो, बोनाफाईड, आधारला जोडलेलं बँकेचं खातं. २०१७ पासून हे सगळं 'महाडीबीटी'वर चढवायचं. अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडं, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडं, मग बिल, मग कोषागार, मग बँक. मधे कुठं 'त्रुटी' निघाली की अर्ज परत पोराच्या गळ्यात. २०२१-२२ पासून तर पैसेही दोन तुकड्यांत ठरले : राज्याचा ४० टक्के हिस्सा आधी, तो पडला की मग केंद्राचा ६० टक्के. या सगळ्या वाटेवर बसलेल्या एकाही माणसाचा स्वतःचा पगार त्या अर्जावर अडलेला नसतो. अडलेलं असतं ते फक्त पोराचं.

आणि रक्कम केवढी? २०२१ च्या केंद्राच्या दरानं साध्या बी.ए., बी.कॉम.च्या पोराला निर्वाह भत्ता वर्षाला ६,००० रुपये, तोही वसतिगृहात राहत असेल तर. घरून ये-जा करणाऱ्याला ३,०००. म्हणजे महिन्याला अडीचशे. अडीचशे रुपयांत महिना कसा काढायचा हा एक वेगळाच लेख होईल. इथं एवढंच म्हणतो की हे अडीचशेसुद्धा वेळेवर येत नाहीत. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून 'स्वाधार' योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्याला तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेले. कागदावर चांगली योजना. पण खोलीमालक भाडं महिन्याच्या महिन्याला मागतो, आणि योजनेचे पैसे कधी येतील त्याचा नेम नाही. ज्याच्याकडं आधीच वर्षभराचं भाडं आहे, त्यालाच ती योजना नीट वापरता येते. म्हणजे गरिबासाठीच्या योजनेचा फायदा घ्यायला आधी गरीब नसावं लागतं.

आता 'मिळतंच ना' या शब्दांकडं येऊ.

मी दरवर्षी वस्तीतल्या विहारात पोरांचे फॉर्म भरायला बसतो. तिथलीच एक पोरगी नर्सिंगला लागली. घरात शिकणारी पहिलीच. कॉलेजनं सांगितलं, फी भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याला फीसाठी अडवू नका असं शासनाची परिपत्रकं सांगतात. पण परिपत्रक होतं कपाटात आणि हॉल तिकीट टेबलाच्या खणात. बापानं दिवाळीपर्यंत वाट बघितली. मग मुकादमाकडनं उचल घेतली आणि नवरा-बायको ऊसतोडीला गेले. उचल मोठी, दोघांच्यानं फिटंना, म्हणून आठवीतल्या पोरालाही शाळेतनं काढून फडावर नेलं. पोरीनं परीक्षा दिली, पास झाली. स्कॉलरशिप पुढच्या साली पाडव्याच्या सुमाराला खात्यावर पडली. सरकारच्या रजिस्टरला नोंद झाली : वितरित. हिशेब चोख. एका पैचीही अफरातफर नाही.

आणि तो आठवीतला पोरगा? तो कुठल्या रजिस्टरला आहे? तो परत शाळेत गेला नाही. पैसे आले, पण ज्या दिवसासाठी ते होते तो दिवस निघून गेला होता. पुस्तकाचे पैसे परीक्षेनंतर आले तर ते पुस्तकाचे पैसे राहत नाहीत. ते निव्वळ पैसे होतात. भुकेच्या महिन्याचा भत्ता पुढच्या वर्षी आला तर मागची भूक काही भरून येत नाही. शिष्यवृत्ती म्हणजे रक्कम आणि तारीख. यातली तारीख काढून घेतली तर अर्धी गोष्ट नाकारलीच. गरिबाच्या बाबतीत ही अर्धी गोष्टच महत्त्वाची असते, कारण ज्याच्या घरी चार पैसे साठलेले आहेत तोच तारखेशिवाय जगू शकतो.

दुसरी गोष्ट कर्जाची. दहा हजार रुपये दहा महिने उशिरा आले. तोवर घरच्यांनी शेकडा तीन रुपयांनी सावकाराचे काढले. दहा महिन्यांचं व्याज तीन हजार. ते कुणी भरलं? सरकारनं दहा हजार दिले असं सरकार म्हणतं, घरात पोचले सात हजार. हे तीन हजार कुणी खाल्ले असं विचारलं तर कुणीच खाल्ले नाहीत. चोर नसलेली ही चोरी आहे.

कायद्याला हे कळत नाही असं मात्र समजू नका. आयकर थकला तर महिन्याला एक टक्का व्याज लागतं. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योजकाचा माल घेणाऱ्यावर बंधन घातलं की जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही मजुरी पंधरा दिवसांत द्यायची, उशीर झाला तर भरपाई द्यायची असं लिहिलेलं होतं. ती भरपाई किती जणांच्या हातात पडली ते मजुरांना विचारा, पण तत्त्व तरी मान्य होतं. म्हणजे उशिरानं माणसाचं नुकसान होतं, ते भरून द्यावं लागतं, हे या राज्यव्यवस्थेला नीट ठाऊक आहे. फक्त आपल्या पोराच्या दारात आलं की ती विसरते. स्कॉलरशिपच्या उशिरावर एक रुपया व्याज मिळालेला पोरगा मला आजवर भेटलेला नाही.

यात एक उलटापालट आहे, ती नीट बघा. खरा देणेकरी कोण? सरकार. खरा घेणेकरी कोण? विद्यार्थी. पण तोंड लपवून कोण फिरतं? खानावळवाल्याला चुकवून मागच्या गल्लीनं कोण जातं? दोस्ताकडनं उसने घेताना मान कोण खाली घालतं? घेणेकरीच. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्यानं मागं ठेवलेल्या पत्रात एक हिशेब होता : सात महिन्यांची फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये यायचे आहेत, ते घरच्यांना द्या, आणि त्यातले चाळीसेक हजार एका मित्राचे आहेत, त्याला परत करा. त्याच्या मरणामागं निलंबन होतं, बहिष्कार होता, पुष्कळ काही होतं. सगळं एका फेलोशिपवर ढकलायला मी तयार नाही. पण जगातून जाणारा माणूस विद्यापीठाकडून येणं मोजत होता आणि मित्राचं देणं विसरत नव्हता. दोघांमधला सभ्य कोण?

२०२३ साली आपली पीएच.डी. करणारी पोरंपोरी बार्टीच्या फेलोशिपसाठी मुंबईत आझाद मैदानावर दिवसच्या दिवस बसली होती. ८६१ जणांचा प्रश्न होता. संशोधनाची वर्षं मांडवात बसून गेली. त्या मांडवात बसलेल्यांना विचारा की उशीर म्हणजे काय असतं.

आता मुळाशी जाऊ. हे नवं नाही. आपल्या आज्या-पणज्याला हे पाठ होतं. महार गावाचा वतनदार. वेशीची राखण करायची, सांगावा पोचवायचा, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. वर्षभराच्या या कामाचा मोबदला म्हणजे बलुतं. सुगी झाली की खळ्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं. आधी मालकाची रास घरी जायची, बाकीच्यांचं व्हायचं, मग शेवटी खळ्यातलं मातेरं आपल्या पदरात. कमाई आपली होती, पण ती घ्यायची पद्धत अशी की बघणाऱ्याला वाटावं, हा मागायला आलाय. घेणाऱ्यालाही हळूहळू तसंच वाटायला लागलं. हक्काची भीक अशी बनते. धान्य नाकारावं लागत नाही. माणसाला नुसतं कडेला उभं करायचं आणि पुरेसा वेळ उभं ठेवायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते याच लाचारीवर घाव घालण्यासाठी. कायद्यानं ती वतनं गेली १९५८ ला.

महाडचंही असंच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ ला पास झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ ला तळं खुलं केलं. कागदावर नकार संपलेला होता. तरी १९२७ उजाडेपर्यंत एक ओंजळ पाणी आपल्याला मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यात उतरले ते मिळालेल्या हक्काची तारीख ठरवायला. 'हक्क तुम्हाला आहे, पण आज नको,' या वाक्याला ते उत्तर होतं. पुढं ते प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ लागलं. आपल्या इतिहासात उशीर हा नकाराचा सख्खा भाऊ आहे. फक्त कपडे बरे घालतो.

यावर शहाणे लोक म्हणतील, तुलना चुकीची आहे. खळ्यावर द्वेष होता, इथं कुणाचा द्वेष आहे? क्लार्क बिचारा एकटा, त्याच्याकडं हजार अर्ज. सर्व्हर डाऊन. केंद्राचा हिस्सा आला नाही. दोष कुणाला देणार? आपल्यातलाच कुणी पुढं जाऊन विचारील की बुद्धानं चेतनेला, हेतूला कर्म म्हणलंय, मग वाईट हेतूच नसेल तर वाईट कर्म कसलं?

दमदार प्रश्न आहे. पण त्याच बुद्धानं प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला, दोष म्हणलंय, आणि शेवटचा उपदेश दिला तोही अप्रमादाचा. एखादी गोष्ट पहिल्या वर्षी चुकली तर चूक. दुसऱ्या वर्षी तीच चुकली तर गाफीलपणा. दरवर्षी, त्याच लोकांच्या बाबतीत, त्याच महिन्यात चुकत असेल, आणि चुकतेय हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर 'हेतू नव्हता' असं म्हणायची सोय उरत नाही. ठाऊक असून चालू ठेवणं हाच हेतू झाला. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांत या योजनेवरची केंद्राची मदत वर्षाला सुमारे ११०० कोटींवर होती, कारण सूत्रच असं की मुख्य बोजा राज्यांवर. डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ६०:४० चं सूत्र मंजूर केलं, पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची तरतूद जाहीर केली आणि स्वतःच सांगितलं की केंद्राची मदत पाचपटीनं वाढेल. वाढवली हे बरंच झालं. पण पाचपट वाढवावी लागली, म्हणजे आधीची किती अपुरी होती? त्या तीन वर्षांत जी पोरं कॉलेज सोडून गेली त्यांना हा निर्णय कोण कळवणार?

क्लार्कला शिव्या घालून आपला राग निघतो, काम होत नाही. मी त्याला माफ करा म्हणत नाही. त्यानं अर्ज खणात ठेवला तर जाब विचाराच. पण हे ध्यानात घ्या की श्रेणीबद्ध विषमतेत माणसामाणसांची उतरंड असते तशी थांबण्याचीही असते. वरच्याचं काम एका फोनवर, मधल्याचं एका खेपेत, खालच्यानं मात्र वर्षभर खेपा घालायच्या. कुणी किती थांबायचं यावरून या देशात माणसाची जात ओळखता येते.

अजून दोन बोलणी आपल्यातच चालतात, त्यांचाही समाचार घेतो.

एक : 'बाबासाहेबांनी किती हाल सोसून शिक्षण घेतलं, तुम्हाला चार महिने थांबवत नाही?' १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. पुढं लंडनला नाव घातलं आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ ला अर्धवट सोडून परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी, काटकसर, उसनवार, आणि १९२० ला पुन्हा लंडन. बाबासाहेबांसारख्या माणसाचीसुद्धा तीन वर्षं पैशापायी अडली. या गोष्टीचा अर्थ 'सोसा' असा काढणारा माणूस बाबासाहेब वाचत नाही, त्यांचा फोटो बघतो. बाबासाहेबांनी काय अर्थ काढला तो बघा. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं, त्यात शिक्षणाच्या पैशाची मागणी केली, आणि १९४४ पासून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्याला जे सोसावं लागलं ते पुढच्या पोरांना सोसावं लागू नये, असा त्यांनी अर्थ काढला.

दोन : 'स्वाभिमानी माणसानं सरकारचे पैसे घ्यायचेच कशाला? राबावं आणि शिकावं.' ऐकायला झकास. पण स्वाभिमान म्हणजे आपलं येणं सोडून देणं होय? ज्यांनी पिढ्यान् पिढ्या या देशाची ढोरं ओढली, गटारं उपसली, रस्ते बांधले, त्यांचं मागचं येणं किती असेल? त्यापुढं महिना अडीचशे म्हणजे काय? येणं मागायला लाज वाटत असेल तर ती लाज खळ्याच्या कडेला शिकलेली आहे. ती तिथंच टाकून द्या.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची गोष्ट आहे. तिथल्या एका गरीब शेतकऱ्याला धम्म ऐकायचा होता. त्या दिवशी त्याचा बैल हरवला. सभा जमलेली, जेवणं उरकलेली, सगळे तथागतांच्या तोंडाकडं बघतायत. तथागत गप्प बसून राहिले. तो शेतकरी बैल शोधून, दमून, उपाशीपोटी धावत आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घाला म्हणून सांगितलं. तो जेवला, मग उपदेश सुरू झाला. मला या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की तिथं गरीब माणूस थांबला नाही. त्याच्यासाठी सभा थांबली, बुद्ध थांबला. न्याय कशाला म्हणायचं याचं याहून सोपं माप मला माहीत नाही : कोण कुणासाठी थांबतं?

म्हणून आपल्या मागणीचे शब्द बदलले पाहिजेत. आपण निवेदनात लिहितो, 'शिष्यवृत्ती लवकरात लवकर मिळावी ही नम्र विनंती.' 'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे. आणि येणं मागताना विनंती कसली? यापुढं दोनच ओळी लिहू. देण्याची तारीख नियमात घाला. तारीख चुकली तर दर दिवसाचं व्याज विद्यार्थ्याच्या खात्यावर टाका. व्याजाच्या शे-दोनशे रुपयांनी आपण श्रीमंत होणार नाही, हे मला कळतं. पण व्याज मान्य केलं की सरकारला मान्य करावं लागतं की हे देणं होतं. भिकेवर व्याज नसतं. व्याज फक्त देण्यावर लागतं.

आणि तोवर आपल्या हातात आहे ते करू. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कुणाचा अर्ज कोणत्या तारखेला गेला, कुठल्या टेबलावर किती दिवस पडला, पैसे कधी आले, मधल्या काळात कर्ज किती काढलं, शाळा कुणाची सुटली — सगळं लिहा. सरकारच्या रजिस्टरला जे येत नाही ते आपल्या वहीत यायला पाहिजे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, उत्तराला ती वही जोडा. चौदा एप्रिलच्या वर्गणीतले काही पैसे बाजूला काढून परीक्षेच्या फीपुरता निधी ठेवा. डीजे एक तास कमी वाजला तर बाबासाहेबांचा अपमान होत नाही. हॉल तिकिटावाचून एक पोरगी घरी बसली तर होतो. आपल्यातले जे स्कॉलरशिपवर शिकून साहेब झाले, त्यांच्या दारात जा. त्यांनी पावती फाडून मोकळं होऊ नये. ज्या टेबलावर ते बसलेत त्या टेबलावर आपल्या पोराचा अर्ज थांबणार नाही, एवढं बघावं.

थांबायला आपल्याला फार पूर्वीच शिकवलंय. आता तारीख मागायला शिकू.

जयभीम.